हिणकस ग्रॅफाइटची शुद्धी

— द्वितीय वर्ष कला (भूगोल)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ग्रॅफाइटच्या शुद्धीकरणावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींनाही वाटले. ‘त्यापेक्षा एखादी कविता दे की,’ असे त्या म्हणाल्या. परंतु ज्या वस्तूवर आपल्या घरची चूल पेटते, तिच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नसावे, ही गोष्ट वर्षभर माझ्या मनाला टोचत होती. म्हणून हा खटाटोप.

माझे वडील कोल्हापूरकडच्या एका लहान फौंड्रीत साचे भरण्याचे काम करतात. वाळूच्या साच्यात तापलेले बीड ओतण्यापूर्वी साच्याला आतून एक काळा लेप देतात. त्या लेपातली मुख्य वस्तू म्हणजे ग्रॅफाइटची पूड. ही पूड वाळूच्या कणांमधील फटी बुजवते, तिला उष्णतेचे भय नसते आणि वितळलेले बीड तिला चिकटत नाही. त्यामुळे ओतीव वस्तू साच्यातून स्वच्छ निघते. संध्याकाळी आबा घरी येतात तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर, भुवयांवर, नखांच्या कडांत हीच पूड चमकत असते. लहानपणी मला ती चांदीसारखी वाटे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात फौंड्रीत नेहमीपेक्षा स्वस्त पुडीची पोती आली. ती वापरल्यावर वाळू वितळून वस्तूंना चिकटू लागली. पुष्कळ माल परत आला आणि साचे भरणाऱ्यांची चार दिवसांची मजुरी कापली गेली. माझ्या परीक्षेच्या फीची मुदत नेमकी त्याच आठवड्यात होती. आबा मला म्हणाले, “पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं म्या. पूड चिमटीत धरली की रेशमावानी सरकाय पायजे. ही खरखरतीया. पर आमचं कोण ऐकतंय?”

आबांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. पूड खरखरते म्हणजे तिच्यात नेमके काय असते आणि ते काढता येते की नाही, हे त्यांनी मला विचारले. मी कॉलेजात जाते, तेव्हा मला ठाऊक असणार, अशी त्यांची समजूत! मला उत्तर देता आले नाही. पुढे भूगोलाच्या सरांनी खनिजांवरची पुस्तके दिली आणि हळूहळू उत्तर सापडत गेले. तेच येथे मांडत आहे.

ग्रॅफाइट म्हणजे काय?

आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो खरे, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. इंग्लंडमध्ये बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात हे काळे, मऊ खनिज सापडले, तेव्हा लोकांना ते शिशाचाच एक प्रकार वाटले. पुढे १७७९ साली कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते कार्बनचे रूप असल्याचे दाखवून दिले आणि १७८९ साली आब्राहाम वेर्नर याने ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले. नाव बदलले, पण शिशाचा गैरसमज आपल्या भाषेत अजून टिकून आहे.

कोळसा, हिरा आणि ग्रॅफाइट हे एकाच घराण्यातले. फरक आहे तो कार्बनचे अणू रचले जाण्याच्या पद्धतीत. ग्रॅफाइटमध्ये ते थरांवर थर असे रचलेले असतात. चिरोट्याचे पदर डोळ्यांपुढे आणले की ही रचना चटकन ध्यानात येते. प्रत्येक पदर आपल्या जागी बळकट, पण एका पदराची दुसऱ्याशी पकड अगदी सैल. म्हणूनच ग्रॅफाइट बोटाला गुळगुळीत लागते आणि कागदावर ओढले की त्याचे पदर सुटून रेघ उमटते. ते विजेचे वाहक आहे, आम्लांना सहसा दाद देत नाही आणि हवा लागू दिली नाही तर तीन हजार अंशांपर्यंतची उष्णताही सोसते. सोनाराच्या मुशीपासून ते विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीपर्यंत त्याला मागणी आहे, ती या गुणांमुळे.

निसर्गात ग्रॅफाइट तीन प्रकारांत आढळते. श्रीलंकेतील बोगालासारख्या खाणींत खडकांच्या भेगांत साठलेले शिरांचे ग्रॅफाइट मिळते. ते मुळातच फार शुद्ध असते. दुसरे पापुद्र्यांचे ग्रॅफाइट. ते खडकात विखुरलेले असते. तिसरे अतिसूक्ष्म स्फटिकांचे, मातकट दिसणारे. आपल्या देशात अरुणाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर, झारखंड, ओडिशा आणि तमिळनाडू या राज्यांत ग्रॅफाइटचे साठे आहेत. तमिळनाडूतील शिवगंगा येथील खनिजात कार्बनचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. म्हणजे १०० किलो दगड खणला तर त्यात १४ किलो ग्रॅफाइट; बाकी ८६ किलो मातेरे! गारगोटी, अभ्रक, चिकणमाती, चुनखडी, लोहाची खनिजे हे सारे त्या मातेऱ्यात येते. आबांच्या बोटांना जे खरखरले, ते हेच.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. हिणकस ग्रॅफाइटनेच जगाला आजची पेन्सिल दिली. बॉरोडेलचे ग्रॅफाइट इतके शुद्ध होते की त्याच्या कांड्या कापून लिहिता येई. पण फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सला हा माल मिळेनासा झाला. तेव्हा निकोला-झाक काँते याने हलक्या ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजल्या आणि १७९५ साली त्या कृतीचे पेटंट घेतले. माती जास्त घातली तर पेन्सिल कठीण, ग्रॅफाइट जास्त घातले तर मऊ आणि काळीभोर! परीक्षेत नकाशे काढताना आपण ज्या पेन्सिली वापरतो, त्यांचे मूळ त्या टंचाईत आहे.

तथापि, पेन्सिलीत माती चालते. बॅटरीत किंवा चांगल्या मुशीत ती चालत नाही. तेथे ग्रॅफाइट शुद्धच करावे लागते.

आधी दळण

आमची आई शाळेत गेलेली नाही. पण धान्य साफ करण्याच्या ज्या रीती ती रोज वापरते, त्या ध्यानात घेतल्या तर खनिजशुद्धीचे निम्मे शास्त्र समजते. वजनात फरक असला की वाऱ्यावर उफणावे, आकारात फरक असला की चाळावे, मातीचा अंश धुऊन जाण्यासारखा असला की रोवळीत धुवावे. मुद्दा एकच : वेगळ्या करायच्या दोन वस्तूंमध्ये कोणता फरक आहे तो शोधायचा आणि त्याचाच उपयोग करून घ्यायचा.

परंतु कणीस मळल्याशिवाय दाणा सुटत नाही. तसेच खडक फोडल्याशिवाय ग्रॅफाइट सुटत नाही. म्हणून खनिज प्रथम जबड्यासारख्या यंत्रात फोडतात आणि मग लोखंडी कांबी किंवा गोळे असलेल्या फिरत्या पिंपात पाण्याबरोबर दळतात. येथे मोठी सावधगिरी बाळगावी लागते. दळण जाडेभरडे राहिले तर मातेरे सुटत नाही. फार बारीक झाले तर ग्रॅफाइटच्या मोठ्या पापुद्र्यांचा चुरा होतो. मोठ्या पापुद्र्यांना बाजारात अधिक भाव असतो, कारण मुशी आणि भट्टीच्या विटा यांसाठी तेच हवे असतात. म्हणून थोडे दळायचे, सुटलेले ग्रॅफाइट काढून घ्यायचे आणि राहिलेल्याला पुन्हा दळायचे, असे टप्प्याटप्प्याने करतात.

आता ही दळलेली पूड उफणली तर? दुर्दैवाने ते साधत नाही. ग्रॅफाइट पाण्याच्या सुमारे सव्वादोनपट जड, तर गारगोटी सुमारे २.६५ पट. दोहोंत फारसे अंतर नाही. त्यातून ग्रॅफाइटचे चपटे पापुद्रे आणि अभ्रकाचे चपटे पापुद्रे पाण्यात सारखेच तरंगत, हेलकावत खाली येतात. धुण्याने चिकणमाती जाते, पण गारगोटी आणि अभ्रक राहतात. तेव्हा दुसरा कोणता तरी फरक शोधायला हवा.

फेसाची करामत

तो फरक आहे पाण्याशी असलेल्या नात्यात. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपण जाणतो. ग्रॅफाइटचा पृष्ठभागही तसाच आहे : त्याला पाणी धरत नाही, तेल मात्र चटकन लागते. उलट गारगोटी पाण्याने पूर्ण भिजते. या एका गुणावर फेस-तरणाची पद्धत उभी आहे. कारखान्यात तिला फ्लोटेशन म्हणतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील बेसेल बंधूंनी १८७७ साली ग्रॅफाइटसाठीच अशा पद्धतीचे पेटंट मिळवले. तांबे, शिसे, जस्त यांच्या खनिजांसाठी ही पद्धत जगभर पसरली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

पद्धत अशी : दळलेले खनिज आणि पाणी यांचा पातळ लगदा टाकीत घेतात. त्यात रॉकेल किंवा डिझेल अगदी थोडे टाकतात. ते ग्रॅफाइटच्या कणांना चिकटून त्यांना पाण्यापासून आणखी दूर करते. फेस टिकावा म्हणून पाइनच्या झाडापासून मिळणारे तेल थेंबाथेंबाने घालतात. गारगोटी आणि माती यांनी खालीच राहावे म्हणून सोडियम सिलिकेट मिसळतात. मग टाकीतले पंखे रवीसारखे घुसळू लागतात आणि हवेचे असंख्य बुडबुडे लगद्यातून वर येतात. ग्रॅफाइटचे कण त्या बुडबुड्यांना बिलगतात आणि काळा, चकचकीत फेस टाकीवर दाटतो. तो निपटून घ्यायचा.

हे वाचताना ताकावर आलेल्या लोण्याची आठवण होते. पण एक भेद विसरता कामा नये. लोणी स्वतःच पाण्याहून हलके असते. ग्रॅफाइट जड आहे. त्याला वर नेतो तो बुडबुडा.

ही गोष्ट मी घरी करून पाहिली. आबांनी आणलेली त्या पुडीची अर्धी मूठ पाण्याच्या बाटलीत टाकली. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून शेजारच्या ट्रॅक्टरमधून डिझेलचे दोन थेंब आणले. पाइन तेलाऐवजी फिनेलचा एक थेंब घातला. बूच लावून बाटली खूप हलवली आणि खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने वर काळा फेस जमला आणि तळाशी राखाडी, भुरकट गाळ बसला. फेस चमच्याने काढला, पुन्हा नव्या पाण्यात हलवला, असे तीन वेळा केले आणि वाळवून आबांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चिमटीत चोळला. “आता सरकतंय,” ते म्हणाले. मग पुन्हा चोळून म्हणाले, “पर थोडी कच हाय अजून.” तळाचा गाळ मात्र त्यांनी बराच वेळ बोटांत फिरवला. आपली मजुरी कशात गेली, हे त्यांना आता दिसत होते.

कारखान्यातही हेच घडते. समजा, १०० किलो खनिजात १० किलो कार्बन आहे. फेस-तरणाने १० किलो माल मिळाला आणि त्यात ९ किलो कार्बन असला, तर शुद्धता झाली ९० टक्के. मूळच्या १० किलोंपैकी ९ किलो हाती आला, म्हणजे उतारा ९० टक्के. उरलेल्या ९० किलो गाळात १ किलो कार्बन वाया गेला. फेस पुन्हा पुन्हा धुतला तर शुद्धता वाढते, पण दर वेळी थोडे ग्रॅफाइट हातचे निसटते. शुद्धता आणि उतारा यांची ही ओढाताण सर्वच खनिजशुद्धीत असते. पापुद्रे मोठे आणि सुटे असतील तर कार्बन ९५ टक्क्यांच्या आसपास नेता येतो. त्यापुढे मात्र गाडी अडते, कारण काही सूक्ष्म कण चिरोट्याच्या पदरांत शिरलेल्या पिठीसाखरेसारखे ग्रॅफाइटच्या थरांतच अडकलेले असतात. त्यांना दळून काढावे तर चिरोट्याचाच चुरा व्हायचा! आबांच्या बोटांना लागलेली ‘कच’ ती हीच.

अल्क, आम्ल आणि आग

येथून रसायनशास्त्राचे काम सुरू होते. ग्रॅफाइट अल्काला आणि बहुतेक आम्लांना दाद देत नाही, मातेरे मात्र देते. हा आणखी एक फरक.

एका पद्धतीत ग्रॅफाइटमध्ये कॉस्टिक सोडा मिसळून ते मिश्रण सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. गारगोटी एरवी कशालाही न जुमानणारी, पण वितळलेल्या सोड्यापुढे तिचे चालत नाही. तिचे सोडियम सिलिकेट होते आणि ते पाण्यात विरघळून धुऊन जाते. लोह, ॲल्युमिनियम इत्यादींची संयुगे मागे राहतात. ती हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात. शेवटी आम्लाचा अंश जाईपर्यंत पाण्याने धुऊन माल वाळवतात. या मार्गाने ९९ टक्के आणि त्याहून अधिक शुद्धता मिळवता येते. मात्र सोडा, आम्ल आणि पाणी यांचा खर्च मोठा.

दुसरा मार्ग हायड्रोफ्लोरिक आम्लाचा. हे आम्ल काचही खाते. गारगोटी तर सहज विरघळवते. काम झटपट होते, पण हे आम्ल अतिशय घातक आहे. सौम्य असले तर कातडीवर पडल्यावर लगेच फारसे दुखत नाही, आणि तोवर ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. माणूस दगावूही शकतो. त्याचे सांडपाणी चुन्याची प्रक्रिया न करता सोडले तर फ्लोराइड ओढ्याविहिरींत उतरते. वाचकांनी बाटलीचा प्रयोग जरूर करावा. आम्लाच्या प्रयोगाच्या वाटेस मात्र कोणी जाऊ नये.

तिसरा मार्ग आगीचा. विजेच्या भट्टीत, हवा आत शिरू न देता, ग्रॅफाइट अडीच ते तीन हजार अंशांपर्यंत तापवतात. त्या उष्णतेत बाकीचे पदार्थ वाफ होऊन निघून जातात आणि कार्बन तेवढा मागे राहतो. यात आम्ल नाही, पण वीज अफाट लागते. क्लोरीन वायू सोडला तर मातेऱ्यातील धातूंची क्लोराइडे बनतात आणि ती त्यामानाने कमी उष्णतेतही उडून जातात. मात्र क्लोरीन हाही विषारी वायू आहे.

एवढी शुद्धी कशासाठी? बॅटरीसाठी साधारण ९९.९५ टक्के शुद्ध ग्रॅफाइट लागते. अणुभट्टीचा निकष तर त्याहून कडक. १९४१ साली जर्मनीत वाल्टर बोथे यांनी ग्रॅफाइटची चाचणी घेतली आणि ते अणुभट्टीला निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांच्या नमुन्यातील सूक्ष्म अशुद्धीने त्यांना फसवले, असे मानले जाते. इकडे शिकागोत २ डिसेंबर १९४२ रोजी अधिक शुद्ध ग्रॅफाइट वापरलेली पहिली अणुभट्टी चालू झाली. हे ग्रॅफाइट कारखान्यात बनवलेले, कृत्रिम होते. पण चिमूटभर अशुद्धीचे मोल किती असू शकते, हे त्यावरून कळते.

शुद्धीची किंमत

आज नैसर्गिक ग्रॅफाइटच्या उत्पादनात चीन जगात सर्वांत पुढे आहे. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने काही प्रकारच्या ग्रॅफाइटच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला. त्याच वर्षी भारत सरकारने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली आणि तिच्यात ग्रॅफाइट आहे. म्हणजे आपल्याकडचे हिणकस साठे उद्या खणले जाणार, दळले जाणार. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आणि खनिजशुद्धीची प्रयोगशाळा आपल्याच राज्यात, नागपूरला आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे.

परंतु मला राहून राहून त्या ९० किलो गाळाचा विचार येतो. दळताना उडणारी गारगोटीची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुफ्फुसांचा असाध्य विकार जडतो. आबांना रात्री खोकला येतो. तो कशाचा, हे मला सांगता येणार नाही. पण तोंडाला फडके बांधणे पुरेसे नाही, एवढे आता मी त्यांना सांगू शकते. ग्रॅफाइट शुद्ध झाले आणि त्या बदल्यात कामगाराची छाती व गावचे पाणी गढूळ झाले, तर त्या शुद्धीचा हिशेब अपुरा म्हणावा लागेल.

शेवटी एक विनंती. पूड किती हिणकस आहे, हे ओळखण्याची चाचणी साधी आहे. एक ग्रॅम पूड वाळवून, तापवून, पुरती जाळायची आणि राहिलेली राख तोलायची. समजा, वायू होऊन गेलेला भाग ०.०५ ग्रॅम आणि राख ०.२५ ग्रॅम भरली, तर कार्बन ७० टक्के. एक नाजूक तराजू, एक चिनी मातीची मूस आणि एक विजेची भट्टी एवढीच सामग्री त्याला पुरते. आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही. परंतु जवळच्या विज्ञान महाविद्यालयाशी बोलून आपल्या भागातल्या लहान फौंड्रींच्या कामगारांसाठी अशी चाचणी वर्षातून काही दिवस करून देता येईल का, याचा प्राध्यापकवर्गाने विचार करावा. पोते फोडल्याच्या दिवशी राखेचा आकडा कागदावर असता, तर चार दिवसांची मजुरी कापताना कोणाला तरी दोनदा विचार करावा लागला असता.

हा लेख छापून आला की मी तो आबांना वाचून दाखवणार आहे. साच्याच्या लेपाविषयी माझे काही चुकले असेल तर ते सांगतीलच. बाकी चुका वाचकांनी दाखवून द्याव्यात.